नव्या चॅपलमध्ये कुठला क्रूस लावायचा?

आजचं वाचन: यशया 53:1-5



आजचा उतारा आपण दरवर्षी गुड फ्रायडेला ऐकतो. इतक्यांदा ऐकलाय की त्यातली धार आता टोचत नाही. म्हणून आज तो घाई न करता वाचा. यशया संदेष्टा प्रभूच्या सेवकाबद्दल सांगतोय. कोरड्या जमिनीतून वर आलेल्या मुळासारखा तो आहे. डोळ्यांत भरावं असं त्याच्यात काहीच नाही. त्याला बघून माणसं तोंड फिरवतात. आणि नेमक्या त्याच माणसानं आपली दुखणी आपल्या खांद्यावर घेतली आहेत.

आता या उताऱ्यासमोर एक साधा, व्यवहारातला प्रश्न ठेवू या. समजा, तुमच्या धर्मग्रामात नवीन चॅपल बांधून झालंय. भिंतींना पांढरा रंग दिलाय, फरशी बसलीय, वेदी तयार आहे. वेदीमागची भिंत मात्र रिकामी आहे. तिथे कुठला क्रूस लावायचा?

सहसा काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर फोटो येतात. फायबरचा की लाकडाचा, चार फुटी की सहा फुटी, रंग फिकट की गडद. कुणी दाता म्हणतो, पैसे मी देतो, पण मला तो अमुक ठिकाणी पाहिलेला येशू हवा. शेवटी सगळ्यांना ‘छान’ वाटेल असा एक निवडला जातो. गोरा चेहरा, नीट विंचरलेले केस, जखमा अगदी बेताच्या. कुणाला खटकत नाही. आणि खरं सांगायचं तर, कुणाला फारसा आठवतही नाही.

यात पाप वगैरे काही नाही. अशा साध्या पुतळ्यांसमोर आपल्या आज्यांनी आयुष्यभर रोझरी म्हटली आणि त्यांची प्रार्थना देवानं ऐकली. पण प्रश्न उरतोच. यशयानं ज्याच्याकडे बघवत नाही असं म्हटलं, त्याला आपण बघायला ‘छान’ करून लावतो, तेव्हा आपण नक्की काय करत असतो?

हा प्रश्न फ्रान्समधल्या एका डोंगरी गावाला फार जोरात विचारला गेला. ती गोष्ट आज सांगते.

फ्रेंच आल्प्समध्ये, मों ब्लां या उंच शिखरासमोर, आसी नावाचं एक पठार आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे क्षयरोग्यांची आरोग्यधामं होती. क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं. डॉक्टर सांगायचे, स्वच्छ हवेत जा, आराम करा. मग तरुण मुलंमुली, आईबाप, कामगार, शिक्षक असे कितीतरी लोक तिथे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गच्चीतल्या खाटांवर पडून राहायचे. काही बरे होऊन घरी जायचे, काही जायचे नाहीत. शास्त्रज्ञ मारी क्युरी 1934 साली याच परिसरातल्या सांसेलमोझ आरोग्यधामात वारल्या.

या आजाऱ्यांसाठी एक चर्च हवं, असं तिथले धर्मगुरू कॅनन जाँ देवेमी यांना वाटलं. मोरिस नोवारिना या आर्किटेक्टनं डोंगरातल्या घरासारखं, दगडाचं, उतरत्या मोठ्या छपराचं चर्च उभारलं. बांधकाम 1930 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, मध्ये महायुद्ध आलं, आणि 4 ऑगस्ट 1950 रोजी त्याचं पवित्रीकरण झालं. नाव दिलं ‘सर्व कृपेची माता’.

आतली सजावट कशी करायची, हे ठरवायला देवेमींच्या मदतीला आले त्यांचे मित्र, डॉमिनिकन धर्मगुरू फादर मारी-आलँ कुतुरिए. हे स्वतः चित्रकार होते आणि धार्मिक कलेवरचं एक मासिक चालवत होते. त्या काळी पॅरिसमध्ये सेंट-सुलपीस चर्चच्या आसपास पुतळ्यांची दुकानं होती. साच्यातून काढलेले, गुलाबी गालांचे, गोड चेहऱ्यांचे प्लास्टरचे संत तिथून कॅटलॉगवर ऑर्डर व्हायचे आणि जगभरच्या चर्चमध्ये पोचायचे. कुतुरिएंना याचा मनापासून त्रास व्हायचा. देवाच्या घरात नक्कल का असावी, असं त्यांना वाटायचं. म्हणून त्यांनी त्या काळातल्या सगळ्यात ताकदीच्या कलाकारांकडे शब्द टाकला.

आणि कोण कोण आलं बघा! जॉर्ज रुओच्या काचचित्रांच्या खिडक्या आल्या. रुओ हा श्रद्धावान कॅथोलिक, आयुष्यभर येशूचा चेहरा रंगवत आलेला. पण बाकीचे? दर्शनी भिंतीवर पवित्र मरियेचं भलंमोठं रंगीत मोझेक केलं फेर्नां लेजेनं, तो कम्युनिस्ट. वेदीमागचा मोठा विणलेला पडदा, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातली स्त्री आणि अजगर दाखवणारा, जाँ ल्युर्साचा, तोही कम्युनिस्ट. बाप्तिस्म्याच्या जागी तांबडा समुद्र ओलांडणाऱ्या इस्राएल लोकांचं चित्र मार्क शागालचं, तो ज्यू. मरियेचा एक पुतळा जाक लिपशित्सचा, तोही ज्यू. शिवाय बोनार, मातीस, ब्राक यांच्याही कलाकृती आल्या.

इथे पहिला नैतिक प्रश्न येतो. ज्याचा येशूवर विश्वास नाही, त्यानं येशूच्या घराची भिंत रंगवावी का?

पटकन ‘नाही’ म्हणावंसं वाटतं. निर्गमच्या 31 व्या अध्यायात देव बसालेलला नावानं हाक मारतो, त्याला आपल्या आत्म्यानं भरतो आणि मग निवासमंडपाचं काम सोपवतो. म्हणजे आधी आत्मा, मग हातोडी. हे बरोबरच आहे. पण थोडं पुढे, राजे या पुस्तकात या. शलमोनानं मंदिर बांधलं तेव्हा गंधसरू कापायला परक्या राजाची माणसं होती. आणि मंदिरातले पितळी खांब, गंगाळ, भांडी कुणी घडवली? सोर नगराच्या हिरामनं. त्याची आई इस्राएली, पण बाप सोरचा, परका. त्याच्या हातात कसब होतं म्हणून शलमोनानं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि त्या मंदिरात देवाचं वैभव उतरलंच की!

कसब हीसुद्धा देणगीच, आणि देणाऱ्याला घेणारा ओळखतो की नाही, यावर देणगी खोटी ठरत नाही. लिपशित्सनं आपल्या मरियेवर लेख कोरला. त्याचा आशय असा, की पूर्वजांच्या धर्माशी प्रामाणिक असलेल्या एका ज्यूनं, माणसामाणसांत समेट व्हावा म्हणून ही मरिया घडवली. हा माणूस नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत गेला होता. ज्या युरोपनं ज्यूंचा संहार पाहिला, त्याच युरोपातल्या एका कॅथोलिक चर्चमध्ये एक ज्यू शिल्पकार एका ज्यू आईचा पुतळा ठेवतो. मरिया ज्यू होती, हे आपण किती सहज विसरतो! ती आठवण करून द्यायला कदाचित तोच योग्य होता.

तरीही दुसरी बाजू हलकी समजू नका. प्रार्थना न करणारा कलाकार कधीकधी उत्तम सजावट करतो आणि तिथेच थांबतो. रंग सुरेख, मांडणी सुरेख, पण गुडघे टेकावेसे वाटत नाहीत. नाव मोठं म्हणून काम पवित्र, असं होत नाही. चर्चची भिंत म्हणजे कलादालन नव्हे. कलादालनात चित्र आवडलं नाही तर आपण पुढे सरकतो. चर्चमध्ये त्याच चित्रासमोर दर रविवारी तास-तास बसायचं असतं, लग्नं लागतात, शवपेट्या ठेवल्या जातात. तेव्हा कलाकार कोण, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी शेवटचा नाही. शेवटचा प्रश्न आसीमध्ये एका क्रूसामुळे समोर आला.

वेदीसाठी क्रूस करायचं काम जेर्मेन रिशिए या शिल्पकार बाईकडे दिलं होतं. तिनं ब्राँझचा येशू घडवला. आपल्या ओळखीचा एकही तपशील त्यात नाही. चेहरा जवळजवळ पुसलेला. शरीर खडबडीत, उकरल्यासारखं, वाळलेल्या झाडाच्या सालीसारखं. हात लांब पसरलेले. क्रूस आणि देह वेगळे करता येत नाहीत. लाकूड कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, कळत नाही. आजचं वाचन पुन्हा आठवा. कोरड्या जमिनीतून आलेलं मूळ!

गदारोळ झाला. 1951 च्या सुरुवातीला आँजे शहरात देवेमींच्या व्याख्यानात लोकांनी निषेध केला, पत्रकं वाटली गेली. हा येशूचा अपमान आहे, असं म्हटलं गेलं. अखेर त्याच वर्षी आन्सीच्या बिशपांनी तो क्रूस वेदीवरून काढायला लावला. पवित्रीकरणाला वर्षही झालं नव्हतं. पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, रोमहूनही पवित्र कलेबद्दल कडक सूचना आल्या.

पण आसीच्या आजाऱ्यांना तो क्रूस हवा होता. खोकून खोकून बरगड्या दिसायला लागलेल्या, आरशात स्वतःचा चेहरा न ओळखू येणाऱ्या माणसांना त्या झिजलेल्या देहात आपला देह दिसला होता. त्यांच्यासाठी तो अपमान नव्हता. देव इतका खाली, आपल्या खाटेपर्यंत आला, याची ती खूण होती. ज्यांच्यासाठी चर्च बांधलं, त्यांना तो येशू कळला. जवळजवळ दोन दशकांनी क्रूस वेदीवर परत आला आणि आजही तिथे आहे.

मग बिशप चुकले का? इतकं सोपं नाही, आणि ब्लॉगवर बसून एका बिशपांना नापास करणं मला योग्यही वाटत नाही. त्यांच्यावर सगळ्या धर्मप्रांताची जबाबदारी होती. दुखावलेले लोक काही सगळे ढोंगी नव्हते. त्यातल्या कित्येकांनी आपल्या मरणाऱ्या आईच्या हातात गोड चेहऱ्याचाच क्रूस दिला असेल. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच सांगतो, की तुला ज्ञान असेल, पण तुझ्या मोकळेपणामुळे दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर जपून वाग. कलेची जाण असलेल्यांनी हा अध्याय आधी वाचावा. ‘तुम्हाला कळत नाही’ असं म्हणून एखाद्या आजीच्या प्रार्थनेवर पाय देणं हासुद्धा अहंकारच.

पण पौलाचा नियम दोन्हीकडून लागू होतो ना? आसीमध्ये दुबळा भाऊ कोण होता? दूरच्या शहरात सभेला आलेला धडधाकट माणूस, की क्षयानं पोखरलेला रोगी? ठेच लागल्याचा आवाज नेहमी ज्याचा मोठा, त्याचाच ऐकू येतो. खाटेवरच्या माणसाचा आवाज खोकल्यातच विरतो.

787 साली नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत ख्रिस्तसभेनं प्रतिमांबद्दल एक मोलाची गोष्ट सांगितली. प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेत अडकून राहत नाही. ज्याची ती प्रतिमा आहे, त्याच्यापर्यंत तो पोचतो. म्हणजे प्रतिमा ही वाट आहे. यावरून मला एक कसोटी सुचते. वाट दोन प्रकारे बंद होते. एक, प्रतिमा इतकी विचित्र की नजर तिच्यातच अडकते, ‘हे काय केलंय?’ या विचारापुढे प्रार्थना जात नाही. दुसरा प्रकार आपण ध्यानात घेत नाही. प्रतिमा इतकी गुळगुळीत की नजर तिच्यावरून घसरते आणि कुठेच पोचत नाही. पहिल्या प्रकारावर मोर्चे निघतात. दुसऱ्यावर कुणी पत्रक काढत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. पण प्रार्थनेचं नुकसान दोन्हीकडे होतं.

आपल्याकडेही हा प्रश्न आलाय. गोव्यात 1902 मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मरिया साडीतली, सावळ्या रंगाची, आपल्या घरातल्या बाईसारखी रंगवली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं आणि ‘आपली’ मरिया युरोपियनच असायची. या चित्रांना विरोध झाला. फोन्सेका पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून शेकडो चित्रं काढत राहिले आणि 1967 मध्ये वारले. आज त्यांची चित्रं गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत, अभ्यासक ती बघायला जातात. चांगलंच आहे. पण ती काढली होती प्रार्थनेसाठी. नाझरेथची सावळी मुलगी आपल्याला परकी वाटली आणि निळ्या डोळ्यांची ओळखीची, यात कुणाची ठेच कुणाला लागली, याचा विचार प्रत्येकानं आपापल्या मनाशी करावा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात ही गाठ बरीच सोडवली. ख्रिस्तसभेनं कुठलीही एकच शैली आपली म्हणून ठरवलेली नाही. प्रत्येक काळाच्या आणि देशाच्या कलेला, ती पूज्यभाव राखत असेल तर, जागा आहे. निव्वळ थाटमाटापेक्षा उदात्त सौंदर्य शोधा. प्रतिमा बेताच्याच ठेवा, नीट क्रमानं ठेवा. श्रद्धेला धक्का देणाऱ्या कलाकृती चर्चबाहेर ठेवण्याचं काम बिशपांचं आहे, हेही तिथे स्पष्ट आहे. पण धक्का कशानं बसतो, हे सांगताना विद्रूप प्रकारांबरोबर सुमार दर्जा आणि दिखाऊपणा हेसुद्धा मोजले आहेत. ही ओळ आपण सोयीस्करपणे सोडून देतो.

तर मग, त्या रिकाम्या भिंतीचं काय?

तुमच्यापैकी अनेक जण आता युथ ग्रुपमध्ये, चर्च कमिटीत आहात, कुणी डिझायनर, कुणी आर्किटेक्ट. उद्या हा निर्णय तुमच्याकडे येईल. तेव्हा ‘कसा दिसतो?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, इथे कोण येऊन बसणार आहे? हॉस्पिटलचं चॅपल असेल तर ऑपरेशन थिएटरबाहेर थांबलेली बायको येईल. हॉस्टेलचं असेल तर रात्री अकराला, नापास झालेला मुलगा येईल. वृद्धाश्रमाचं असेल तर मुलांच्या फोनची वाट पाहणारे आजोबा येतील. त्यांना त्या क्रूसावर कोण भेटायला हवंय?

त्यांनाच विचारा. खरंच जाऊन विचारा. दात्याचे आभार माना, पण प्रार्थना करणाऱ्याचं मत आधी घ्या. कलाकाराला बोलावलंत तर त्याला नुसतं माप आणि बजेट देऊ नका. त्याला त्या माणसांमध्ये काही दिवस बसू द्या, त्याच्यासोबत यशया 53 वाचा. त्याची श्रद्धा असो-नसो, वाचन त्याला काहीतरी सांगेलच. नवीन काही आणलंत तर लोकांना आधी समजावा, वेळ द्या. धर्मगुरूंना आणि बिशपांना शेवटी कळवण्यापेक्षा सुरुवातीपासून बरोबर घ्या. आणि पैसे नसतील, मन ठरत नसेल, तर भिंत काही दिवस रिकामी राहू द्या. साधा लाकडी क्रूस आणि वेदीवर मेणबत्ती, एवढ्यावर मिस्सा होते. घाईनं भरलेली भिंत पन्नास वर्षं तशीच राहते.

शेवटी एक गोष्ट मनात राहते. क्रूसावरचा येशू बघून मला प्रत्येक वेळी ‘किती छान’ एवढंच वाटत असेल, तर रस्त्यावर, लोकलमध्ये, सरकारी दवाखान्याच्या रांगेत तो भेटला, तर मी त्याला कसं ओळखणार? तिथे तो छान दिसत नसतो. तिथे त्याच्याकडे बघवत नाही, आणि आपण यशयाच्या उताऱ्यातल्या लोकांसारखंच तोंड फिरवतो. चॅपलमधली प्रतिमा ही डोळ्यांची शाळा असते. तिथे जे बघायची सवय होते, तेच बाहेर ओळखू येतं. आसीचे रोगी त्या क्रूसाकडे बघून म्हणू शकले, की हा माझ्यातलाच आहे. बाहेरच्या धडधाकट माणसानं त्याच क्रूसाकडे रोज बघितलं असतं, तर कदाचित त्या रोग्याकडे बघूनही तो म्हणाला असता, की हा येशूच आहे.

आजसाठी: घरातल्या क्रूसासमोर आज पाच मिनिटं नुसतं बसा. काही मागू नका, फोन बाजूला ठेवा. फक्त बघा. आणि मग या आठवड्यात ज्याच्याकडे बघायचं तुम्ही टाळलंत, त्या एका माणसाचा चेहरा आठवा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमच्यासाठी विद्रूप झालास आणि आम्ही तुला पुन्हा पुन्हा देखणा करत राहिलो. आमचे डोळे शिकव. आमच्या भिंतींवर जे लावू, त्यातून तुझ्यापर्यंत वाट जाऊ दे, आणि तुझ्यापासून आमच्या दुखणाऱ्या भावाबहिणींपर्यंत. आमेन.

उद्या पुढच्या वाचनासह भेटू.